थारोळ्यातला महादेव

भाद्रपदात शहानूर नदी अशी गढूळ होते की तिच्यात हत्ती बुडवला तरी दिसायचा नाही, मग मूठभर रेतीचा महादेव काय दिसणार! बाकीच्या गावांतल्या बायका हरतालिकेचा महादेव नदीत सोडतात, हात जोडतात आणि घरी जाऊन उपास सोडतात. अंजनगावच्या अलीकडच्या त्या माळीपुऱ्यातल्या बायकांचं मात्र एवढ्यानं भागत नसे. त्यांना बघायचं असे. आपला महादेव पाण्यात किती वेळ उभा राहतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली होती. नत्थुजीच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट जिथे रिकामी होते तिथे एक दगडी हौद होता. त्याला थारोळं म्हणतात. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थारोळं उपसून कोरडं करायचं, पाणी वाफ्यांकडे जातं त्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबायचा आणि प्रत्येकीनं चपट्या दगडावर केलेला आपला महादेव दगडासकट आत नेऊन ठेवायचा. मग नत्थुजीनं बैल जुंपायचे. मोटेमागून मोट ओतली जाई, विहिरीचं नितळ पाणी हळूहळू वर चढे आणि बायका काठावर ओणव्या होऊन बघत बसत. जिचा महादेव जास्त टिकला तिचं कुंकू बळकट. जिचा लवकर ढासळला तिनं वर्षभर सोमवार धरायचे. यापलीकडे त्या रीतीनं कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

त्या साली सगळं वऱ्हाड कापसापायी पिसाळलं होतं. समुद्रापार कुठेशी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि इथे जन्मभर वांगी-मिरच्या लावणारा माणूससुद्धा गाडी जुंपून कापूस वाहायला निघाला. नत्थुजीचा एकुलता एक मुलगा पुंजाराम त्यातलाच. चैत्रात तो कापूस भरून अकोल्याच्या वाटेनं खानदेशाकडे गेला. आगगाडी तेव्हा खानदेशापर्यंतच आली होती. पावसाच्या आत येतो म्हणाला. ज्येष्ठात त्याच्या सोबतचा गाडीवान देवीदास एकटाच परत आला. परतीच्या वाटेवर पुंजारामचा एक बैल लंगडा झाला, तो अकोल्यात थांबलाय, बैल बरा झाला की येतो, असा निरोप त्यानं दिला. मग मृग बरसला, काळ्या मातीच्या वाटांचा राडा झाला, वाटेतली पूर्णा नदी फुगली आणि येणं-जाणं बंद पडलं. दसऱ्याआधी वाट मोकळी होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून घरात कोणी फार घोर लावून घेतला नाही. पुंजारामची बायको जमुना, तिला घोर होता. पण लग्नाला दोनच वर्षं झालेली पोर, नवऱ्याच्या आठवणीनं झुरते म्हणून बायका हसतील, या लाजेनं ती तोंडातून अक्षर काढत नसे.

तो सगळा जीव तिनं महादेवात ओतला. नदीकाठची रेती आणली, धुतली, चाळणीनं चाळली, नावाला खडा ठेवला नाही. बाकीच्या बायका ओली रेती दगडावर टाकून भाकरी थापल्यागत बडवतात आणि मग देवाच्या अंगावर बोटांचे वळ उमटतात. जमुनेला ते बरं वाटेना. नवऱ्याच्या नावाचा देव, आणि त्याला थपडा मारायच्या? तिनं ओलसर रेती मुठीत घेतली आणि मीठ भुरभुरावं तशी वरून हलक्या हातानं सोडत गेली. कुठे बोट लावलं नाही. महादेव असा गोल, असा गुळगुळीत झाला की सगळा माळीपुरा बघून गेला. शेजारच्या गंगूबाईच्या तोंडून दुसऱ्याचं कौतुक निघणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, पण तीसुद्धा म्हणाली, "देवळातल्यावाणी केला वं पोरी."

दुसऱ्या दिवशी नत्थुजीनं बैल जुंपले. पाणी चढू लागलं. आधी महादेवांचे तळ भिजले, मग पोटं. जमुनेच्या महादेवाच्या कमरेला पाणी लागलं मात्र, त्याच्या अंगातून एक शिरशिरी गेली आणि पातळ पिठलं ताटात सांडावं तसा तो पसरून सपाट झाला. ढासळला नाही, वाहिला. शेजारी गंगूबाईचा ओबडधोबड गोळा डोक्यावरून पाणी गेलं तरी उभा होता. त्याच्या कडेचे चार दाणे सुटत, मग तो थांबे, मग आणखी चार सुटत.

महादेव लवकर पडलेले त्या बायकांनी पुष्कळ पाहिले होते. असा वाहिलेला कोणी पाहिला नव्हता. जमुनेची सासू गोदाबाई पाण्यात हात घालून ती सपाट रेती चाचपू लागली.

"एका दमात गेला," गंगूबाई म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, पण तिला गप्प बसता येत नसे.

संध्याकाळपर्यंत देवीदासच्या जुन्या निरोपाला पाय फुटले. तो सांगत होता तेव्हा त्याची नजर खाली होती, असं एकीला आठवलं. अकोल्याला गाडीवानांच्या तळावर पटकीची साथ होती, असं दुसरीनं कुठूनसं ऐकलं. तिसरीनं देवीदासलाच गाठलं आणि खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो बिचारा गोंधळून म्हणाला, "होता तं तो थकलेला." झालं. थकलेला माणूस चार घरं फिरून येईपर्यंत आजारी झाला आणि आजारी माणूस रात्रीच्या जेवणाआधी मेला. जिवंत माणसाला असं घरबसल्या मारायला आपल्या लोकांना फार वेळ लागत नाही.

गोदाबाई खाटेला लागली. तिचं जमुनेवर प्रेम होतं, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर सासू म्हटलं की तुम्ही लगेच तिला काळ्या रंगात बुडवाल. ती पोरीचा हात धरून रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "सर्वपित्रीले त्याच्या नावानं पान ठेवू. त्याचा जीव उपाशी नको फिरायले. अन् मंग, जमुने, तुह्या हातात बांगड्या ठेवता येत नाई मले."

सर्वपित्री अमावास्या महिन्याच्या शेवटी होती. तोपर्यंत जमुना सवाशीण, मग नाही. नत्थुजी बायकोपुढे काही बोलला नाही. त्याचाही चेहरा पडला होता, आणि तसाही तो माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलत असे.

जमुना दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात एक कुसळ रुतलं. रेती एका नदीची. पाणी एका विहिरीचं. थारोळं एक. मग गंगूबाईचा तो बडवलेला गोळा उभा कसा राहिला? गंगूबाईचा नवरा दम्यानं खाटेला खिळलेला, चार पावलं चालला की लोहाराच्या भात्यासारखा वाजायचा. त्याचं आयुष्य दगडासारखं, आणि पुंजाराम, जो भरल्या गाडीचं चाक एकट्यानं उचलायचा, त्याचं पिठल्यासारखं? देवाला हिशेब येत नसेल असं तिला म्हणवेना. पण आपल्याला काहीतरी कळलेलं नाही, एवढं तिला कळलं, आणि ते कळल्यावर रडू मागे पडलं.

तण निंदायच्या निमित्तानं ती मळ्यात जाई आणि बायका घरी वळल्या की थारोळ्यात बसे. तिचा पहिला संशय चाळणीवर. इतरांच्या रेतीत खडे होते, तिच्यात नव्हते. खड्यांनी आधार दिला असेल. तिनं न चाळलेल्या रेतीचा महादेव केला, तसाच मुठीतून भुरभुरून, आणि कडेनं घागरीनं पाणी सोडलं. वाहिला. बरं, मग रेती कोरडी पडली असेल. जास्त भिजवून केला. तोही वाहिला. मग ती धुतल्यानं त्यातली माती गेली असेल, म्हणून चिमूटभर माती कालवून पाहिली. थोडा रेंगाळला आणि वाहिला. दरवेळी तीच शिरशिरी, तेच पसरणं.

तिला राग आला. तिनं तो सपाट झालेला चिखल गोळा केला, दगडावर आपटला आणि वरून दोन्ही हातांनी बडव बडव बडवला. जितक्या शिव्या तिला येत होत्या तितक्या तिनं त्या रेतीला दिल्या. माळ्याच्या घरच्या पोरीला पुष्कळ येतात. राग निवल्यावर बघते तो दगडावर एक वेडावाकडा गोळा बसलेला. आता आणलंय पाणी तर ओतून टाकू, म्हणून तिनं घागर रिकामी केली. पाणी चढलं, गोळा बुडाला आणि उभा राहिला.

जमुना थारोळ्यात गुडघ्यांवर बसली आणि पाण्याला नाक टेकेल इतकी वाकली. गोळ्याच्या कडेचा एक पापुद्रा आधी किंचित फुगला, मग सुटला, मग अलगद खाली बसला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा पापुद्रा. घाईच नाही कशाची. तीच रेती, जी मघाशी पिठल्यासारखी वाहिली होती. ती इतका वेळ वाकून राहिली की पाठीला रग लागली, पण उठवेना. किती दिवसांनी तिला काहीतरी बघावंसं वाटत होतं.

"काय करून राहिली?" मागून नत्थुजीनं विचारलं.

तिनं पदर सावरला. सासऱ्यापुढे बोलायची तिची ही पहिलीच वेळ, पण आता तोंड बंद राहणं शक्य नव्हतं. "मामाजी, थापली तं उभी राह्यते. भुरभुरली तं वाह्यते. रेती तेच."

नत्थुजी काठावर उकिडवा बसला. त्यानं तिला दोन्ही करून दाखवायला लावलं. एकदा पाहून त्याचं समाधान झालं नाही. त्यानं स्वतः मुठीतून रेती भुरभुरली, स्वतः घागर ओतली, आणि ती वाहिली तेव्हा "हट्" असं म्हणाला, बैलाला म्हणतात तसं.

"पण काहून?" तो म्हणाला.

काहून, ते जमुनेलाही ठाऊक नव्हतं. ते तिला दुसऱ्या दिवशी नदीवर सापडलं, अर्धं. पाण्याच्या कडेच्या ओल्या रेतीवर ती पाय रोवून उभी राहिली, आणि पावलाभोवतीची रेती क्षणभर कोरडी पांढरी पडली. लहानपणापासून हजारदा पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. दाबल्यावर ओल्या फडक्यातून पाणी बाहेर येतं. रेतीतून ते आत गेलं. म्हणजे रेतीत कुठेतरी जागा झाली. दाबल्यावर जागा कमी व्हायची की जास्त?

उरलेलं अर्धं पायलीत मिळालं. संध्याकाळी ज्वारी मोजताना नत्थुजीनं तिला ओट्यावर हाक मारली. दिवसभर त्याच्याही डोक्यात तेच घोळत होतं, हे त्यानं तिला कधी सांगितलं नसतं. त्यानं पायली सैल भरली. "बोट घाल." बोट मुळापर्यंत गेलं. मग त्यानं पायली जमिनीवर ठोकली, दाणे खाली बसले, वर आणखी भरून पुन्हा ठोकली. "आता घाल." बोट टोकाशीच अडलं. जमुनेनं जोर लावला, तेव्हा बोटाभोवतीचे दाणे वर उचलले गेले आणि दोन-चार पायलीबाहेर सांडले.

"फुगली," ती म्हणाली.

"काय?"

"ठोकलेल्या दाण्याईले हलाचं असलं तं आधी फुगा लागते, मामाजी. एकमेकाईच्या खांद्यावर चढल्याशिवाय सरकता येत नाई त्याईले. वाऱ्यात फुगतात पटकन. पण पाण्यात फुगाचं तं मधल्या जागेत पाणी आत याले पायजे. अन् इतक्या बारीक वाटेनं पाणी येऊन येऊन किती येईन? ते येईपर्यंत रेती उभी. म्हून पापुद्रा पापुद्रा सुटते."

"अन् सैल असली तं?"

तिनं सैल पायली हातात घेऊन एक हिसडा दिला. दाणे खाली बसले. "सैल खाली बसाले पाह्यते. पण मधात पाणी कोंडलेलं. त्याले निघाले वाट नाई. मंग दाणे एकमेकावर बसतच नाई, पाण्यावरच बसतात. पाण्यावर बसला तो वाहीन नाई तं काय करीन?"

नत्थुजीनं पायलीत बोट घालून काढलं, पुन्हा घातलं. त्याचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू उतरला. पन्नाशीतला माणूस, पण त्याला ती दुसरी गोष्ट तेव्हाच सुचली. "म्हंजे त्या महादेवानं आपल्याले पुंजारामचं काईच सांगतलं नाई?"

"नाई, मामाजी."

"अन् तुही सासू तिकडे पितराचं पान मांडून राहिली."

मग त्याच्या डोक्यात कल्पना आली, आणि ती खरंच बरी होती. गोदाबाईला शहाणपण शिकवायला जाऊ नये. पायली आणि बोट तिच्यापुढे चालायचं नाही. तिलाच महादेव करायला सांगावं, तिच्या लेकाच्या नावानं, तिच्या हातानं. चाळीस वर्षं भाकरी थापलेला हात आहे, भुरभुरायचा नाही. महादेव उभा राहील, गोदाबाई उठून बसेल, बांगड्या वाचतील, आणि कोणाला काही समजावायला नको.

जमुना हो म्हणाली. तिला बांगड्या हव्या होत्या, त्यात लपवायचं काय? हिरव्या काचेच्या, पुंजारामनं अंजनगावच्या बाजारात स्वतः उभं राहून भरवलेल्या.

गोदाबाई आधी चिडली. देवानं एकदा सांगितलं ते पुन्हा विचारायचं का, म्हणाली. पण आईचं मन, ते पुन्हा विचारतंच. ती मळ्यात आली, रेती पुढ्यात ओढली आणि थापायला लागली. जोरात नव्हे. तान्ह्याला निजवताना पाठीवर थापटतात तशी, हळू, पण थांबेचना. थापटत होती आणि पुंजारामशी बोलत होती, किती वाळलास रे, काय खातोस रे तिकडे. जमुनेला तिकडे बघवेना.

बातमी फुटलीच होती. माळीपुऱ्यातल्या झाडून सगळ्या बायका काठावर जमल्या. नत्थुजीनं मोट धरली, पाणी चढलं, गोदाबाईच्या महादेवाच्या पोटाला लागलं, गळ्याला लागलं, डोक्यावरून गेलं. महादेव उभा. बैल दमले तरी उभा. गंगूबाईचा तर त्याच्यापुढे काहीच नव्हता. बायकांनी एकमेकींना कुंकू लावलं. गंगूबाईनंच पहिल्यांदा सांगितलं की पुंजाराम धडधाकट आहे, बैल लंगडा होता तोच बरा व्हायला वेळ लागला असेल, आणि देवीदासच्या डोळ्यांत तेव्हाही काही वावगं दिसलं नव्हतं.

गोदाबाईनं सुनेच्या तोंडात गूळ घातला आणि तिच्या बांगड्यांवरून हात फिरवला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. सर्वपित्रीच्या पानाचं नाव निघालं नाही. जमुना सुटली होती. घरात हसणं ऐकू येत होतं.

भांडी घासून झाल्यावर ती गोठ्यात गेली. नत्थुजी बैलांना वैरण टाकत होता.

"मामाजी, मंग आता अकोल्याले कोण जाते?"

"अकोल्याले? काहून?"

"त्याईले पाहाले."

नत्थुजी हसला, मोकळं, खूप दिवसांनी. "आता काहून जा लागते? देवानं सांगतलं न. दसऱ्याले येईन तो."

जमुना त्याच्याकडे बघतच राहिली. हाच माणूस पायलीत बोट घालून बसला होता. ही युक्ती त्याचीच होती. रेती काही सांगत नाही, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. आणि आता महादेव उभा राहिला तर त्याला आनंदानं काही आठवत नव्हतं. तिला त्याचा राग येईना, आणि त्याच्याविषयी काय वाटतंय तेही कळेना. पण दुसरी एक गोष्ट तिला लख्ख कळली. महादेव पडला तेव्हा पुंजाराम मेला, म्हणून कोणी गेलं नाही. महादेव राहिला तेव्हा पुंजाराम जिवंत, म्हणून कोणी जात नाही. ज्येष्ठापासून माणसाचा पत्ता नाही, त्याच्यासाठी रडले, पान मांडायला निघाले, गूळ वाटला. गावाबाहेर मात्र कोणी एक पाऊल टाकलं नव्हतं. तीसुद्धा नाही. ती रेतीशी खेळत बसली होती.

ती निमूट राहिली असती तर तिला कोण काय म्हणणार होतं? बांगड्या हातात होत्या. दसऱ्यापर्यंत मजेत राहता आलं असतं.

सकाळी तिनं गोदाबाईला मळ्यात आणलं. काही तरी दाखवायचं आहे, एवढंच म्हणाली. थारोळ्यात दोन चपटे दगड मांडले. एकावर तिनं रेती थापली. दुसऱ्यावर भुरभुरली. थापलेल्यावरचे बोटांचे वळ पुसले तसे दोन्ही सारखेच दिसू लागले.

"दोन्ही त्याईच्या नावानं, आत्याबाई," ती म्हणाली. "हाही त्याईचा, हाही त्याईचा."

गोदाबाईला काही उमजेना. जमुनेनं घागरी ओतायला सुरुवात केली. पाणी चढलं. भुरभुरलेल्या महादेवाला शिरशिरी आली आणि तो वाहून दुसऱ्याच्या पायाशी जाऊन थांबला. दुसरा उभा होता.

"सांगा, आत्याबाई," जमुना म्हणाली. तिनं घागर खाली ठेवली. "याच्यातला कोणता तुमचा लेक?"

गोदाबाईचा हात उठला. तो जमुनेच्या गालावर बसायचाच, पण मधेच थांबला, कारण तिची स्वतःची नजर थारोळ्यात खिळली होती. मग तिनं बसकण मारली, उरलेल्या महादेवाला बोट लावलं, मग पुन्हा लावलं. "परत कर," म्हणाली. जमुनेनं परत केलं. "अदलाबदल कर. दगड बदल." तेही केलं. गोदाबाईनं स्वतः एक थापला, एक भुरभुरला. नत्थुजी बैल सोडून कधी आला आणि मान खाली घालून कधी उभा राहिला, दोघींनाही कळलं नाही.

"हरतालिकेचा पडला तो तुवा भुरभुरला होता म्हून पडला," गोदाबाई शेवटी म्हणाली.

"हो."

"अन् कालचा उभा राह्यला तो मी थापला म्हून."

"हो, आत्याबाई."

"तुले कालच ठाव होतं?"

"ठाव होतं. बांगड्या फोडाच्या असल्या तं आता फोडा. पण आधी त्याईले पाहून या कोणी."

गोदाबाईचं तोंड एकदम म्हातारं दिसू लागलं. आधीची ती भीती होती, तिला निदान तळ होता, आणि कालचा तो आनंद, त्यालाही होता. पोरीनं दोन्ही काढून घेतले होते. "मंग आता कोणाले विचारू मी?" ती म्हणाली. "पोटचा गोळा माहा, कोणाले विचारू?"

"विचारून नाई कळत. जाऊन पाहा लागते," जमुना म्हणाली, आणि मग तीही रडू लागली. महादेव वाहिला तेव्हा ती मेलेल्या नवऱ्यासाठी रडली होती. आता ती अशा माणसासाठी रडत होती ज्याचं काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि हे रडणं जास्त जड होतं.

"वाट कुठी आहे?" नत्थुजी पुटपुटला. "गुडघ्याएवढा चिखल. गाडी जात नाई. पूर्णा दोन्ही थड्या भरून चालली."

गोदाबाई पदरानं तोंड पुसत उठली. नवऱ्यावर ती जन्मात ओरडली नव्हती, तेव्हाही ओरडली नाही. "गाडी नाई जात तं पाय जातात," म्हणाली. "अन् पूर्णेवर नावाडी असन. तुमी अन् ही, दोघं जा. मले चालणं होत नाई, नाई तं मीच गेली असती."

जमुनेला न्यायचं हे ऐकून नत्थुजीनं तोंड उघडलं, आणि बायकोकडे बघून पुन्हा मिटलं.

गोदाबाई घरात गेली, चूल पेटवली आणि परात पुढे ओढली. तिच्या थापण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. जमुनेनं लुगडं वर खोचलं, नत्थुजीनं काठी घेतली. गोदाबाई भाकरींचं फडकं बांधून बाहेर आली. नत्थुजीनं ते हातात घेऊन तोललं.

"दोन माणसाईले एवढ्या कायले?" तो म्हणाला. "शिळ्या होईन."

"दोघाईच्या नाईत," गोदाबाई म्हणाली. "तिघाईच्या आहेत."